कात्री गेली, ‘कट’ राहिला

कळंब्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका आली की मी पोराला एवढंच सांगतो, “जुनी काढ, कॉपी मार आणि नावं बदल की!” त्याची डाव्या हाताची बोटं कंट्रोल-सी, कंट्रोल-व्हीवर आपोआप पडतात. ‘कट-पेस्ट’मधली खरी कात्री मात्र त्यानं पाहिलेली नाही.

मी पाहिली आहे. ब्रोमाइड कागदावर निघालेला मजकूर कापायचा, काचेच्या टेबलावर पानाच्या मापाला चिकटवायचा. वेलांटी चुकली तर दुसरीकडची ब्लेडनं अलगद उचलून तिथं बसवायची. शिंक आली की वेलांटी गेलीच!

तिकडं अमेरिकेतही संपादकांची कात्री-डिंकाशी हीच झटापट चाले. झेरॉक्सच्या मालकीच्या ‘जिन’ या पाठ्यपुस्तक प्रकाशनासाठी लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७५च्या सुमारास ‘जिप्सी’ हा प्रोग्रॅम रचला, आणि कट-पेस्ट पडद्यावर आलं. टेस्लर पुढं अॅपलमध्ये गेला. १९८३च्या ‘लिसा’ संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारच्या चार कळा कामाला लागल्या. सी म्हणजे कॉपी. एक्स ही खोडल्याची फुली. व्ही म्हणजे ‘इथं घाल’ असं दाखवणारं टोक. आपल्या पोथ्यांतलं काकपद आठवावं. झेड शेजारीच होता, त्याच्या वाट्याला केलेलं पुसायचं काम आलं. उजवा हात माउसवर, डावा या चौघांवर, अशी ती वाटणी. विंडोजवाल्यांची जुनी शिफ्ट-डिलीट, शिफ्ट-इन्सर्ट ही जोडीही अजून चालते, करून बघा.

मराठीत मात्र कॉपी मारूनही डोकेदुखी उरायची. जुन्या फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरांचे क्रमांक, वर मराठी सदरा. दुसऱ्या फाइलीत पेस्ट केलं की सदरा उतरायचा. एकदा अख्खी कार्यक्रमपत्रिका अशी किडेमुंगी होऊन गिऱ्हाइकाकडं गेली आणि मला रात्रभर नव्यानं टाइप करावी लागली. मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं ते थांबवलं.

युनिकोडमध्ये लिहायला कळपट म्हणाल तर इन्स्क्रिप्ट, १९८६ पासूनचं सरकारी प्रमाण. ‘कळंबा’ लिहायला के, शिफ्ट-एन, एक्स, वाय, ई. आणि ‘दुसऱ्या’तला तो वाकडा अर्धा र? शिफ्ट-जे, मग डी, मग य. ब्लेडनं उचलताना सगळ्यात आधी तोच तुटायचा.