जांघेत कळ येते? दरवेळी तो ‘वात’ नसतो : खुब्याचं इम्पिंजमेंट आणि त्यावरचे उपचार

रमजानमध्ये तरावीह सुरू झाली की दोन-चार दिवसांतच एखादा पंचविशी-तिशीतला तरुण खुर्ची शोधताना दिसतो. विचारलं तर म्हणतो, ‘सजद्यातून उठताना जांघेत कळ येते.’ लातूरला क्लास आणि अभ्यासिकेत तासन्‌तास बसणारी मुलं, नांदेडला पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं, घरात खाली बसून कामं उरकणाऱ्या महिला, यांच्याकडूनही हीच तक्रार ऐकू येते. घरचे म्हणतात वात आहे, नस चढली, लचक भरली. मग तेल, मालिश, मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी. यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात. या दुखण्याचं एक कारण ‘हिप इम्पिंजमेंट’ असू शकतं.

नेमकं काय होतं?

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल टोक कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं आणि वाटीच्या काठाला ‘लेब्रम’ नावाची रबरासारखी कडा असते. काहींच्या गोल टोकाजवळ हाडाचा उंचवटा असतो. त्याला ‘कॅम’ म्हणतात. काहींच्या वाटीचा काठ जास्त पुढे आलेला असतो, तो ‘पिन्सर’. अनेकांत दोन्ही असतात. मांडी जास्त वाकवली किंवा आत वळवली की हाडं एकमेकांवर घासतात, लेब्रम चिमटते आणि पुढे कूर्चा झिजू शकते. यातून पुढे खुब्याची झीज होऊ शकते, हे स्वित्झर्लंडमधील बर्नचे सर्जन राइनहोल्ड गांझ यांनी २००३ मध्ये ठळकपणे मांडलं. वाढीच्या वयात फुटबॉल, हॉकीसारखे दमाचे खेळ खूप खेळलेल्यांत कॅम जास्त दिसतो.

लक्षणं कशी ओळखायची?

- दुखणं बहुधा जांघेत, खोलवर असतं. जागा दाखवताना रुग्ण अंगठा आणि बोटांनी खुब्याला वेढा घालतो.
- बराच वेळ बसल्यावर, उकिडवं बसताना, गाडीवर टांग टाकताना किंवा पायमोजे घालताना कळ येते.
- सांधा आखडतो, कधी ‘कट’ आवाज येतो, अडकल्यासारखं वाटतं.

नमाज आणि घरातलं बसणं

रुकूत खुबा साधारण काटकोनात वाकतो, सजद्यात त्याहून जास्त. महिला दोन्ही पाय उजवीकडे काढून बसतात तेव्हा उजवा खुबा वाकलेला आणि आत वळलेला असतो. हीच स्थिती इम्पिंजमेंटमध्ये सर्वांत जास्त टोचते. यात नमाजचा दोष नाही. निरोगी खुब्याला या हालचाली सहज जमतात. पण दुखत असताना दात-ओठ खाऊन सहन करू नये. आजारी माणसाला उभं राहणं जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर नमाज पढण्याची सवलत हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांच्या सही बुखारीतील रिवायतीत आहे. कोणती हालचाल टाळायची हे डॉक्टरांना विचारा आणि खुर्ची कधी, किती वापरायची हा मसला आपल्या आलिमांना विचारा. खुर्ची उंच घ्या. गुडघे खुब्यापेक्षा खाली राहिले पाहिजेत. दस्तरख्वानवर मांडी घालून बसताना दुखत असेल तर काही महिने टेबलावर जेवा आणि शक्य असल्यास कमोड वापरा.

तपासणी

डॉक्टर पाठीवर झोपवून गुडघा छातीकडे वाकवतात आणि मांडी आत वळवतात. नेहमीची कळ उठली तर संशय वाढतो. पुढे दोन्ही खुब्यांचा एक्स-रे आणि गरज असेल तर एमआरआय. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे अस्थिरोग विभाग आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. काही दुखत नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही कॅम दिसतो. त्यामुळे लक्षणं, तपासणी आणि एक्स-रे तिन्ही जुळल्यावरच निदान पक्कं होतं. नुसता रिपोर्ट बघून ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

आधी व्यायाम, मग बाकीचं

पहिला उपचार फिजिओथेरपी, साधारण तीन महिने, नियमाने. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पोटाचे स्नायू मजबूत करणं, असे व्यायाम शिकवले जातात. गुडघा छातीशी ओढण्याचा व्यायाम मात्र दुखणं वाढवू शकतो. चालणं सहसा चालतं. खोल बैठका आणि जोराची धाव काही दिवस बंद.

तरीही फरक पडला नाही तर दुर्बिणीतून उंचवटा घासून लेब्रम शिवतात. ब्रिटनमध्ये ३४८ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्यात एका वर्षानंतर ऑपरेशन आणि फिजिओथेरपी दोन्ही गटांना फायदा दिसला. ऑपरेशनवाल्यांना थोडा जास्त. हे ऑपरेशन सरावाने करणारे सर्जन पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या शहरांत जास्त आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा. सांधा फार झिजलेला असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनचा उपयोग कमी होतो, म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढू नये.

इथे थांबू नका

ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही दुखणं, पाय टेकवता न येणं, किंवा लंगडणारं लहान मूल, यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टर गाठा. खुब्याचा टीबी किंवा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरणं, हेही जांघेतल्या दुखण्यानेच सुरू होऊ शकतं. दुसऱ्या आजारामागे स्टेरॉइड हे एक मोठं कारण आहे. नाव नसलेल्या ‘वाताच्या’ पुड्यांत कधी कधी तेच मिसळलेलं असतं, म्हणून त्या बंद करा.

जांघेतलं दुखणं सांगायला तरुण आणि विशेषतः महिला लाजतात. घरात कुणी सजद्यातून उठताना हात टेकत असेल, गाडीवर बसताना थबकत असेल, तर आपणहून विचारा. वेळेवर काढलेला एक एक्स-रे आणि तीन महिन्यांचा व्यायाम बऱ्याच जणांना पुन्हा सफमध्ये उभं करतो.