नौकेचे स्वयंचलित सुकाणू : दोष यंत्रात की तेलात?

अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत यांच्या किनाऱ्यालगतचा समुद्र बेटांनी, अरुंद सामुद्रधुनींनी आणि भरती-ओहोटीच्या वेगवान प्रवाहांनी भरलेला आहे. या भागातील लाकूडतोडीच्या व्यवसायामुळे पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके ठिकठिकाणी तरंगताना आढळतात. अशा पाण्यात आठ ते बारा मीटर लांबीच्या खासगी मोटरबोटी चालविणारे हौशी नाविक पुष्कळ आहेत आणि नौकेवर नवी उपकरणे बसविण्याचे काम त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःच करतात. स्वयंचलित सुकाणू अर्थात ऑटोपायलट हे त्यांपैकी एक महत्त्वाचे उपकरण होय. ठरवून दिलेली दिशा ते तासन् तास राखते आणि चाक धरून बसण्याच्या श्रमातून नाविकाला सोडविते. मात्र ते बसविल्यानंतर नौका नागमोडी जाऊ लागते, चाक हातात पोकळ लागते किंवा पंप घरघरतो पण नौका वळत नाही, अशा तक्रारी नेहमी येतात. त्या वेळी बहुतेकांचा संशय इलेक्ट्रॉनिक पेटीवर जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा तेलाच्या नळ्यांत असतो. ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ असा हा प्रकार टाळायचा असेल, तर हायड्रॉलिक सुकाणूची रचना आधी समजून घेतली पाहिजे.

रचना आणि तत्त्व

हायड्रॉलिक सुकाणूत दोऱ्या, साखळ्या किंवा दांडे नसतात. सुकाणूच्या चाकामागे एक छोटा हातपंप असतो आणि त्यालाच जोडून तेलाची टाकी असते. चाक फिरविले की हा पंप दोनपैकी एका नळीतून तेल पुढे ढकलतो. नौकेच्या मागील बाजूस असलेल्या सिलिंडरमधील दट्ट्या त्या तेलाने सरकतो आणि सुकाणूचे पाते अथवा बाहेर टांगलेले इंजिन वळते. सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचे तेल दुसऱ्या नळीतून पंपाकडे परत येते. चाकाच्या पंपात सामान्यतः नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतात. लाटांच्या माऱ्याने पात्यावर आलेला दाब चाकापर्यंत पोहोचू न देणे हे त्यांचे काम.

ऑटोपायलट बसविताना याच दोन नळ्यांना ‘टी’ जोडून विजेवर चालणारा दुसरा पंप जोडतात. हा पंप दोन्ही दिशांना फिरू शकतो. त्याची तिसरी नळी चाकाजवळच्या तेलाच्या टाकीला जोडलेली असते. तेल कमी-अधिक झाल्यास त्याची भरपाई या नळीतून होते. होकायंत्राकडून दिशा, पात्याजवळच्या संवेदकाकडून पात्याचा कोन आणि नाविकाकडून आज्ञा घेऊन नियंत्रक पेटी हा पंप चालविते.

आता एका तेलावर दोन पंपांची सत्ता आली. विजेचा पंप चालू असताना तेल चाकाच्या पंपात शिरता कामा नये आणि चाक फिरविले जात असताना ते विजेच्या पंपातून निसटता कामा नये. दोघांनी परस्परांची वाट अडविली, तरच तेल सिलिंडरकडे जाते. ही वाट अडविण्याचे काम दोन्हीकडील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह करतात. बहुतेक बिघाडांचे मूळ या व्हॉल्व्हमध्ये, तेलात राहिलेल्या हवेत किंवा नळीत शिरलेल्या कचऱ्यात सापडते.

आधी हिशेब, मग जोडणी

पंपाची निवड सिलिंडरच्या आकारमानावरून करावी लागते. सिलिंडरमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४० घनसेंटिमीटर तेल मावत असेल आणि चाकाचा पंप एका फेऱ्यात २८ घनसेंटिमीटर तेल ढकलत असेल, तर पाते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्यास चाकाचे पाच फेरे लागतील. हेच अंतर विजेच्या पंपाने सुमारे १२ सेकंदांत कापावे असे ठरविले, तर त्याने मिनिटाला ७०० घनसेंटिमीटर तेल दिले पाहिजे. पंप फार लहान असेल तर पाते लाटांच्या मागे पडते. फार मोठा असेल तर ते प्रत्येक वेळी हव्या त्या जागेपुढे जाते आणि नौका डावी-उजवीकडे डुलत राहते.

पाच फेऱ्यांचा हा आकडा पुढे दोष शोधतानाही उपयोगी पडतो. म्हणून जुन्या व्यवस्थेला हात लावण्यापूर्वीच चाकाचे फेरे मोजून लिहून ठेवावेत. ज्या सिलिंडरचा दांडा एकाच बाजूने बाहेर येतो, त्यात दोन्ही बाजूंचे आकारमान सारखे नसते. अशा सिलिंडरमध्ये दोन दिशांच्या फेऱ्यांत फरक आढळला तर तो दोष मानू नये.

विजेचा पंप चाकाच्या टाकीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. भरपाईची नळी पंपापासून टाकीपर्यंत सतत चढत गेली पाहिजे. मध्ये कोठे ती उंचावून पुन्हा खाली आली, तर त्या उंचवट्यात हवा अडकून राहते. पेचांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याची सवय येथे घातक ठरते, कारण तिचे तुकडे तेलाबरोबर वाहत जाऊन व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात. त्याऐवजी उत्पादकाने सुचविलेला द्रवरूप लेप वापरावा. तेलही उत्पादकाने सांगितलेलेच हवे. मोटारीचे ब्रेक ऑइल घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याने या प्रणालीतील रबरी सील फुगून निकामी होतात. पंपाकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर आणि सिलिंडरजवळच्या दोन्ही नळ्यांवर बंद करता येण्याजोगे कॉक बसवावेत. त्यांचा खर्च थोडा, पण दोष शोधताना त्यांच्यासारखे दुसरे साधन नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या नौकेच्या इंजिनकक्षात इंधनाची वाफ साचू शकते. तेथे ठिणगीपासून संरक्षित असा पंपच बसविला पाहिजे.

हवा : पहिला संशयित

तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवा राहिली तर पंपाचा जोर ती दाबण्यातच खर्च होतो. मोटारीच्या ब्रेकमध्ये हवा शिरली की पेडल मऊ लागते, तसेच हे आहे. चाक ताणल्यासारखे लागणे, टोकाला नेऊन सोडले की ते मागे उसळणे, फेरे वाढणे आणि ऑटोपायलट सतत दुरुस्त्या करीत राहणे ही हवेची लक्षणे होत.

हवेची खात्री करण्याची रीत सोपी आहे. टाकीचे झाकण काढून तेलाची पातळी पाहावी. चाक एका टोकाला नेऊन तसेच दाबून धरावे. पातळी ठळकपणे खाली गेली आणि चाक सोडताच वर आली, तर आत हवा आहे असे समजावे.

हवा काढताना दोन माणसे लागतात. चाके दोन असतील तर वरच्या चाकापासून तेल भरावे आणि खालच्या चाकाच्या टाकीला छिद्र नसलेले झाकण लावावे, अन्यथा तेथून तेल ओसंडते. एकाने टाकी रिकामी होऊ न देता चाक सावकाश फिरवावे. दुसऱ्याने सिलिंडरच्या एका टोकाचा हवा सोडण्याचा स्क्रू उघडून बुडबुडेविरहित धार येईपर्यंत थांबावे. नंतर दुसऱ्या टोकाला हीच कृती करावी. त्यानंतर विजेचा पंप दोन्ही दिशांना थोडा थोडा वेळ चालवून चाकानेही पाते दोन्ही टोकांपर्यंत न्यावे. हवा एका बैठकीत निघेलच असे नाही. रात्रभर थांबून सकाळी पुन्हा तपासणी केल्यास राहिलेले बुडबुडे वर आलेले आढळतात.

लक्षणावरून निदान

तपासणीचा क्रम ठरलेला असावा आणि एका वेळी एकच बदल करावा. आरंभी ऑटोपायलटची वीज बंद करून केवळ हाताने सुकाणू तपासावे. हाताचे सुकाणू निर्दोष ठरेपर्यंत इलेक्ट्रॉनिक भागाला हात लावू नये.

वीज बंद असतानाही चाक पोकळ फिरत असेल, तर विजेच्या पंपाकडे जाणाऱ्या नळ्यांवरील कॉक बंद करून चाक पुन्हा फिरवावे. ते घट्ट झाले तर तेल विजेच्या पंपातून निसटत होते, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा राहिला आहे. कॉक बंद करूनही चाक पोकळच राहिले, तर दोष जुन्या व्यवस्थेत, म्हणजे चाकाचा पंप, नळ्या किंवा सिलिंडर यांत आहे.

पंप चालू होताच पात्याऐवजी चाकच आपोआप फिरू लागले, तर चाकाच्या पंपातील व्हॉल्व्ह तेल अडवीत नाहीत. काही जुन्या चाकांत असे व्हॉल्व्ह मुळातच नसतात. तेथे ते वेगळे बसवावे लागतात.

पंप चालतो, पण चाक आणि पाते दोन्ही जागची हलत नाहीत, अशा वेळी टाकीतील तेल, पंपात अडकलेली हवा आणि कोठे उघडा राहिलेला बायपास व्हॉल्व्ह पाहावा.

चाक स्थिर धरूनही पाते हळूहळू सरकत असेल, तर सिलिंडरजवळचे दोन्ही कॉक बंद करून पाते हाताने ढकलून पाहावे. तरीही ते सरकले, तर सिलिंडरमधील दट्ट्याचे सील गेले आहेत किंवा आत हवा आहे. ते स्थिर राहिले, तर गळती चाकाच्या बाजूला आहे.

आज्ञा उजवीकडची आणि पाते डावीकडे, असे झाल्यास मोटारीच्या तारा, तेलाच्या नळ्या किंवा संवेदकाची दिशा यांपैकी एक जोडणी उलटी असते. एका वेळी एकच बदलून पाहावी, कारण दोन उलट्या मिळून एक सुलट होते आणि मूळ चूक झाकली जाते. ही तपासणी नौका धक्क्याला बांधलेली असतानाच उरकावी. उलटी जोडणी समुद्रात उघडकीस आली, तर चूक सुधारण्याच्या प्रयत्नात यंत्र पाते थेट टोकाला नेते.

पंप कण्हत सावकाश चालत असेल, तर तो जोरात असताना बॅटरीवरील आणि पंपावरील विद्युतदाब मोजावा. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत दोहोंत एक व्होल्टपेक्षा अधिक फरक आढळल्यास तार बारीक आहे किंवा जोड सैल अथवा गंजलेला आहे.

या सर्व कसोट्या पार पडल्यावरही नौका नागमोडी जात असेल, तरच संवेदकाच्या सांध्यातील ढिलेपणा, होकायंत्राजवळचे लोखंड अथवा ध्वनिक्षेपक आणि नियंत्रक पेटीतील संवेदनशीलतेचा आकडा यांकडे वळावे. मोकळ्या पाण्यात मंद वेगाने वर्तुळे घेऊन होकायंत्राचे समायोजनही याच टप्प्यावर करायचे असते.

काम करताना आणखी एक काळजी घ्यावी. काही प्रचलित प्रणालींत तेलाचा दाब दर चौरस इंचाला १,००० पौंड म्हणजे सुमारे ७० बारपर्यंत जातो. दाबाखालील नळीची बारीक गळती उघड्या बोटाने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी.

अंतिम सत्ता हाताची

१९२० च्या दशकाच्या आरंभी एल्मर स्पेरी यांच्या स्वयंचलित सुकाणूने जहाजांवर प्रवेश केला. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी निष्णात सुकाणूधारकाचे हात काय करतात याचे गणिती विवेचन मांडले. केवळ दिशेतील चूक पाहून भागत नाही, ती किती वेगाने वाढते आहे आणि किती काळ टिकून आहे, हेही ध्यानी घ्यावे लागते, हे त्याचे सार. आजची नियंत्रक पेटी त्याच विचारावर उभी आहे. तथापि पेटीने घेतलेला अचूक निर्णय पात्यापर्यंत पोहोचवायचा तो तेलानेच.

यंत्र आणि हात यांच्यातील संभ्रम किती महाग पडू शकतो, हे १८ मार्च १९६७ रोजी दिसले. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यापलीकडे ‘टोरी कॅन्यन’ हे सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चे तेल वाहणारे जहाज सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. ऐन वेळी चाक फिरविले गेले, पण सुकाणूची निवड करणारा दांडा हाती नियंत्रणावर नव्हता आणि जहाज वेळेत वळले नाही. छोट्या नौकेतही ऑटोपायलट चालू ठेवून चाक फिरविले, तर काही क्षणांत यंत्र पाते पुन्हा आपल्या दिशेला ओढते. म्हणून ते तत्काळ बंद करणारे बटण चाकाजवळ, अंधारातही हाताला सापडेल असे असावे आणि नौकेवरील प्रत्येकाला ते ठाऊक असावे.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी पाचव्या नियमानुसार प्रत्येक नौकेवर सदैव डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवणे बंधनकारक आहे. ऑटोपायलटला समोरचा ओंडका दिसत नाही. तो ज्याला दिसतो, त्याने चाक फिरविताच पाते वळले पाहिजे. नवे उपकरण बसविल्यावर पहिल्या प्रवासास निघण्यापूर्वी याच एका गोष्टीची खात्री धक्क्यावर करून घेणे, हे त्या कामाचे शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे कलम होय.