स्टीअरिंगचे निदान : प्रस्तावना

पिकअपचा चालक गॅरेजमध्ये येतो आणि दोन तक्रारी एका दमात सांगतो : स्टीअरिंगला प्ले आहे आणि गाडी सरळ चालत नाही. या तक्रारी वेगवेगळ्या आहेत, हे ओळखले की या विषयाचा अभ्यास सुरू झाला. प्ले असेल तर स्टीअरिंग थोडे फिरते, पण चाके जागची हलत नाहीत. त्याचे मूळ बहुधा झिजलेल्या सांध्यात सापडते. गाडी भरकटते तेव्हा स्टीअरिंग घट्ट धरूनही ती डावी-उजवीकडे जाते. त्याचे मूळ टायर, अलाइनमेंट, पाटे किंवा भार यांपैकी कशातही असू शकते.

या कारागिरीमागे दोन शतकांचा विचार उभा आहे. वळणावर आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, ही घोडागाडीसाठी सुचलेली रचना म्युनिकच्या लांकेनश्पेर्गरची. रुडॉल्फ अकरमनने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. १९२५ मध्ये फ्रान्सच्या ब्रूलिए यांनी दाखवून दिले, की बाजूने जोर आला की टायर रोखलेल्या दिशेपासून थोडा कोन करून चालतो. टायरमध्ये हवा कमी असेल, तर गाडी का डोलते, हे त्यातून उलगडते.

पिकअपची एक खास अडचण असते. माल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लादला, की पुढची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड सुटू लागते. मागच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल एका बाजूला सरकला, तर मागची चाकेच गाडी वळवू लागतात. अशा वेळी पुढचे टाय रॉड एंड कितीही बदलले, तरी उपयोग होत नाही.

म्हणून आधी पाहावे, मग पाना हातात घ्यावा. गाडी जमिनीवरच ठेवून, इंजिन चालू करून, एकाने स्टीअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे; दुसऱ्याने चाकांपासून दूर राहून बॅटरीच्या उजेडात एकेक सांधा न्याहाळावा. एका बाजूने हालचाल आत जाते, पण दुसऱ्या बाजूने बाहेर पडत नाही, तो सांधा झिजलेला. ही तपासणी टाळून स्टीअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळण्याचा मोह अनेकांना होतो. तो जास्त आवळला, तर बॉक्स मध्यावर जाम होतो, वळणानंतर स्टीअरिंग आपसूक परतत नाही आणि गाडी आधीपेक्षा जास्त भरकटते.

पुढील प्रकरणे याच क्रमाने मांडली आहेत : टायर, भार, सांधे, पाटे, अलाइनमेंट आणि शेवटी बॉक्स. नव्या वाचकाने गणिताला बिचकू नये. हवा मोजायचा गेज, बॅटरी आणि मदतीला एक माणूस एवढ्यावर पहिली तीन प्रकरणे प्रत्यक्ष गाडीवर पडताळता येतात. पुस्तकातले प्रत्येक विधान तसे पडताळूनच स्वीकारावे, एवढीच अपेक्षा.