शब्द दिला होता माकडांसाठी

मारुतीच्या देवळापुढे माकडाला चणे टाकणारा आपला समाज. त्याच देशातून एके काळी दरवर्षी हजारो माकडे पिंजऱ्यांत घालून विमानाने परदेशी धाडली जात, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही.

कारण मात्र क्षुल्लक नव्हते. १९५५ साली डॉ. जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडातील पेशींवर वाढवावा लागे आणि त्यासाठी उत्तर भारतातले तांबड्या तोंडाचे ऱ्हीसस माकड सोयीचे ठरले. त्याच वर्षीच्या जानेवारीत भारतातून निघालेली ३९४ माकडे लंडनच्या विमानतळावर बंद गाडीत गुदमरून मेली. सरकारने निर्यात थांबवली. ती पुन्हा सुरू झाली, पण अटींवर: माकडे केवळ वैद्यकीय संशोधनासाठी आणि लशीसाठीच वापरायची.

पुढची चळवळ उभी राहिली ती या अटींवरच. १९७३ साली शर्ली मॅक्ग्रील यांनी थायलंडमध्ये ‘इंटरनॅशनल प्रायमेट प्रोटेक्शन लीग’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकन लष्कराच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांत ऱ्हीसस माकडे वापरली जातात, ही गोष्ट संस्थेने भारतात पोहोचवली. केवळ भूतदयेचे आवाहन केले असते, तर ‘मुलांचे प्राण मोठे की माकडांचे?’ या प्रश्नापाशी वाद अडकला असता. संस्थेचा प्रश्न साधा होता: शब्द दिला होता, तो पाळला का? लशीसाठी मागून नेलेला जीव अण्वस्त्रांच्या तयारीला कसा लावला? पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली.

म्हणून प्रश्न सुटला असे नाही. २०२० साली कोव्हॅक्सिन लशीच्या चाचणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला २० ऱ्हीसस माकडे लागली. ती महाराष्ट्रातूनच पकडून आणली होती. ती लस आपल्यापैकी अनेकांनी टोचून घेतली आहे.

तेव्हा माकडांचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण ऋण घेणाऱ्याने कशासाठी घेतले, याचा हिशेब द्यावा लागतो. मुक्या धनकोच्या वतीने तो हिशेब कोणीतरी मागितला, हेच १९७८ च्या बंदीचे मोल.