गोव्याची सीमा आणि बाटली

सीमा नकाशावर आखली जाते. सामान्य माणसास ती भेटते जकातनाक्यावर. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याच्या सीमेवरील नाके उठले. परंतु गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रण आले आणि माडाच्या दारूस मुंबईची अबकारी पद्धत लागू झाली. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारास वर्षाला चार लाख रुपये मिळत. १८९२ मध्ये तह संपला. नाके परतले, प्रवाशांची गाठोडी पुन्हा उघडू लागली. पुढे १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. बांद्यापलीकडच्या आप्ताने प्रेमाने दिलेली फेणी अलीकडे गुन्हा ठरली! १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. सीमाशुल्काची चौकी गेली. अबकारीची मात्र राहिली. महाराष्ट्रात बाटली नेण्यास आजही परवाना लागतोच.