जहाजावाचून राहिलेले विमान

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडे लहान मुलांनाही सांगितले जाते. राष्ट्रे मात्र हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रेंच नौदलासाठी तयार झालेल्या एका विमानाची हकीकत हेच सांगते.

1939 साली फ्रान्सजवळ विमानवाहू जहाज एकच होते, ‘बेआर्न’. एका अपुऱ्या युद्धनौकेच्या सांगाड्यावर धावपट्टी चढवून ते 1927 मध्ये सेवेत आणले गेले. वेग जेमतेम 21 नॉट, आणि त्यावरील टॉर्पेडो विमाने जुन्या वळणाची, दुपंखी. तिकडे जर्मनीने ‘ग्राफ झेपेलिन’ हे विमानवाहू जहाज बांधायला घेतले, तेव्हा कुठे फ्रान्सला जाग आली. नोव्हेंबर 1938 मध्ये सँ-नाझेर येथे ‘जोफ्र’ या 18,000 टनी जहाजाचा पाया घातला गेला. त्यावर 40 विमाने राहणार होती. जोडीचे ‘पँलव्हे’ त्यानंतर व्हायचे होते.

या जहाजांसाठी जे नवे टॉर्पेडो विमान आखले गेले, ते ‘सी. ए. ओ. 600’. दोन इंजिनांचे, एकपंखी. जहाजावरचे विमान बनविणे सोपे नसते. धावपट्टी आखूड, म्हणून उतरण्याचा वेग कमी हवा. डेकवर आदळणे सोसण्याइतकी चाके भक्कम हवीत. खालच्या कोठारात मावण्यासाठी पंख मिटता आले पाहिजेत. एवढे साधून मार्च 1940 मध्ये या विमानाचा पहिला नमुना आकाशात उडाला.

पण तो उतरणार कुठे? ‘जोफ्र’ अजून गोदीत सांगाड्याच्याच अवस्थेत होते. 10 मे रोजी जर्मनीने हल्ला केला आणि 22 जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली. ‘जोफ्र’चे काम कायमचे थांबले, ‘पँलव्हे’चा पायाही पडला नाही आणि विमानाचा दुसरा नमुना अपुराच राहिला.

त्याहून करुण कथा तयार झालेल्या विमानांची. जहाजावरून उडण्यासाठी बनविलेली, सूर मारून बॉम्ब टाकणारी ‘ल्वार-न्यूपोर’ विमाने ऐन वेळी जमिनीवरील लढाईत लोटली गेली. 19 मे रोजी बेर्लेमाँजवळ जर्मन रणगाड्यांवर अशी 20 विमाने धाडली. 10 परतलीच नाहीत. ‘बेआर्न’ तर त्या सुमारास सोने घेऊन कॅनडाकडे निघाले होते. तेथून अमेरिकन विमाने भरून परतताना त्याला मार्टिनिक बेटाकडे वळावे लागले, आणि ती विमाने तेथेच गंजली.

वैमानिक धैर्यात उणे नव्हते, आरेखक बुद्धीत उणे नव्हते. उणी पडली ती वर्षे. विमान दोन-चार वर्षांत उभे राहते. जहाज, गोदी, प्रशिक्षित खलाशी यांना त्याहून अधिक काळ लागतो. यांतला एक दुवा मागे राहिला की बाकीचे सारे व्यर्थ जाते.

मुळापासून विमानवाहू म्हणून बांधलेले ‘क्लेमान्सो’ फ्रेंच नौदलात आले ते 1961 साली. त्यावर ‘आलिझे’ ही फ्रेंच विमाने उडू लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधील इयेर येथे भारतीय नौदलाचे आलिझे पथक स्थापन झाले. आपली ‘विक्रांत’ नौका त्याच महिन्यात सेवेत आली होती. विमान आणि जहाज यांची गाठ आपल्याकडे वेळेवर पडली. दाबोळीजवळील नौदलाच्या हवाई संग्रहालयात एक आलिझे ठेवलेले आहे. मुलांना ते दाखवताना ‘सी. ए. ओ. 600’चीही आठवण सांगावी.