तंबूचा कुबट वास

साठवणीतल्या तंबूच्या कापडाला ओलाव्यामुळे येणारा दुर्गंध. त्याचे उगम दोन आहेत : कापडावर वाढलेली बुरशी व तिच्यासोबतचे जीवाणू हा एक, आणि जलरोधक लेपाचा रासायनिक ऱ्हास हा दुसरा. पहिला वास बहुधा घालवता येतो. दुसरा धुण्याने जात नाही. दोहोंत गल्लत झाल्यामुळे चांगले तंबू टाकून दिले जातात आणि लेप संपलेले तंबू पुन्हा पुन्हा धुतले जातात. म्हणून वासाचे निदान हीच उपचाराची पहिली पायरी होय.

बुरशीजन्य वास : ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम या प्रजातींचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. कापडालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की ते रुजू लागतात. कापड प्रत्यक्ष ओले असल्यास एकदोन दिवसही पुरतात. नायलॉन व पॉलिएस्टर हे तंतू बुरशीचे अन्न नव्हेत. तिचे पोषण होते ते कापडावरची माती, गवताचे तुकडे, सांडलेले अन्न, घाम व त्वचेचे तेल यांवर. त्यामुळे स्वच्छ कृत्रिम कापडापेक्षा मळके कापड फार लवकर कुबटते. तंतूंची ओलावा धरण्याची क्षमताही सारखी नाही. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत पॉलिएस्टर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के, तर सूत ७ ते ८ टक्के पाणी शोषून ठेवते.

वास येतो तो बुरशीच्या चयापचयातून सुटणाऱ्या बाष्पनशील संयुगांचा. त्यांतील ‘१-ऑक्टेन-३-ऑल’ या अल्कोहॉलला अळंब्यांचा वास असतो. मातकट छटा येते ती मुख्यतः जिओस्मिनमुळे. हे संयुग स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूंपासून तयार होते आणि पहिल्या पावसात जमिनीतून येणाऱ्या गंधातही त्याचा वाटा असतो. पाण्यात एक लाख कोटी भागांत पाचसहा भाग इतके अल्प जिओस्मिनही माणसाच्या नाकाला जाणवते. डोळ्यांना डाग न दिसताही तंबू कुबट वाटतो याचे हे एक कारण आहे. उलट, वास गेल्यावरही काळे ठिपके राहू शकतात. ते बुरशीतील मेलॅनिनसारख्या रंगद्रव्यांचे असतात आणि त्यांच्यासाठी कापड घासत राहिल्यास लेपच निघतो.

सुती तंबू व ट्रायकोडर्मा : सुती कॅनव्हासची गोष्ट वेगळी आहे. सूत म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि ते पचवणारी एंझाइमे अनेक बुरशींकडे असतात. तेथे कुबट वास ही कापड कुजू लागल्याची सूचना असते. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमधील दमट बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू, पट्टे व कपडे अतिशय वेगाने कुजले. सैन्याच्या पुरवठा विभागाने त्याची कारणे शोधण्यासाठी बुरशींचे नमुने गोळा करून मोठा संग्रह उभारला. सॉलोमन द्वीपसमूहातील बूगनव्हिल बेटावर (हे बेट आज पापुआ न्यू गिनीत आहे) एका कुजक्या सुती तंबूवरून मिळालेला ‘क्यूएम ६ए’ हा नमुना त्यांपैकीच. एल्विन रीझ व मेरी मँडेल्स यांनी मॅसॅचूसेट्समधील नेटिक येथील सैनिकी प्रयोगशाळेत त्यावर दीर्घकाळ काम केले. ही बुरशी सेल्युलेज एंझाइमे असाधारण प्रमाणात शरीराबाहेर सोडते, असे दिसून आले. प्रारंभी ती ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजली जात होती. १९७७ मध्ये वेगळी जाती म्हणून तिला रीझ यांच्या सन्मानार्थ ट्रायकोडर्मा रीझाय हे नाव मिळाले. २००८ मध्ये तिचा जीनोम प्रसिद्ध झाला. जीन्सचे कापड मऊ करणारी, तसेच शेतातील काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवताना लागणारी एंझाइमे आज मोठ्या प्रमाणावर या एका नमुन्याच्या वंशजांकडून मिळवली जातात. तंबू कुजू नये म्हणून सुरू झालेल्या संशोधनाचे हे फळ कवकविज्ञानाच्या इतिहासात फार मोलाचे आहे. सैनिकी कॅनव्हासला कूजरोधक म्हणून कॉपर नॅप्थेनेट लावत. त्याला स्वतःचा उग्र वास असतो आणि जुन्या तंबूंत तो बुरशीचा समजला जाण्याचा संभव असतो.

लेपाचा ऱ्हास : कृत्रिम कापडाच्या आतील बाजूस बहुधा पॉलियुरेथेनचा लेप असतो. त्यातील पॉलिएस्टर जातीच्या लेपात एस्टर बंध असतात व ते पाण्याने तुटतात. या जलविच्छेदनात आम्ल तयार होते आणि ते पुढील विघटन आणखी वाढवते. उष्णता व दमटपणा एकत्र आल्यास क्रिया वेगाने होते. लेप चिकट होतो, घडी उलगडताना कापडाचे थर एकमेकांना चिकटतात, पुढे पापुद्रे सुटतात. वास ओकारीसारखा आंबूस असतो. तो नेमक्या कोणत्या घटकाचा, याबाबत एकमत दिसत नाही. पॉलिईथर जातीचे लेप जलविच्छेदनाला अधिक काळ तोंड देतात. सिलिकोन लेपाच्या नायलॉनमध्ये हा दोष आढळत नाही.

निवारण : बुरशीजन्य वासासाठी तंबू मोकळ्या हवेत, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून, कोरडा झटकला जातो. नंतर तो उभारून किंवा टबात भिजवून कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ स्पंज यांनी धुवावा. धुलाई यंत्र व यंत्रातील गरम हवा दोन्ही लेपाला व शिवणीवरील पट्ट्यांना घातक ठरतात. सुगंधी डिटर्जंट व कापड मऊ करणारी द्रव्ये कापडाची पाणी झटकण्याची क्षमता घटवतात.

घरगुती उपायांपैकी पातळ केलेला व्हिनेगर सर्वाधिक सांगितला जातो. आम्लाच्या सान्निध्यात जिओस्मिनचे विघटन होते, त्यामुळे मातकट वासापुरता त्याला रासायनिक आधार आहे. १-ऑक्टेन-३-ऑल मात्र उदासीन संयुग असल्याने व्हिनेगर किंवा खाण्याचा सोडा यांनी त्याचे उदासिनीकरण होत नाही. ते साबणपाण्याने व भरपूर वाऱ्यानेच जाते. एंझाइमयुक्त दुर्गंधनाशके वास झाकण्याऐवजी बुरशीचे पोषणद्रव्य तोडतात, म्हणून ती अधिक परिणामकारक मानली जातात. क्लोरीनयुक्त ब्लीच नायलॉनला दुबळे करते. ते वापरू नये. डांबरगोळ्या व अत्तरे वासावर वास चढवतात, बुरशीला हटवत नाहीत. उन्हाबद्दल मतभेद आहेत : अतिनील किरणांनी बुरशी मरते, पण त्याच किरणांनी नायलॉनची ताकद घटते. सुती तंबूला कडक ऊन चालते. नायलॉनला वाहत्या वाऱ्यातील सावली पुरे.

आंबूस वासाच्या तंबूचा सुटलेला लेप आयसोप्रोपिल अल्कोहॉलने पुसून काढून नवा लेप देता येतो. श्रमाच्या मानाने तळवस्त्रापुरताच हा उपाय परवडतो.

साठवण : सह्याद्रीत व कोकणात जून ते सप्टेंबर बाहेरच्या हवेची आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून मेअखेर कोरडा करून ठेवलेला तंबूही गणेशोत्सवापर्यंत कुबटू शकतो. आषाढी वारीत दिंड्यांच्या राहुट्या पहाटे ओल्याच उतरवून ट्रकमध्ये चढवाव्या लागतात. पंढरपूरहून परतल्यावर त्या उलगडून वाळवणे यामुळेच अत्यावश्यक ठरते. शिवणी, दुमडलेल्या कडा व पट्टे सर्वांत शेवटी सुकतात. कापड हाताला कोरडे लागल्यावरही ते ओले असू शकतात. तंबू त्याच्या आवळ पिशवीत न कोंबता सैल सुती पिशवीत, जमिनीपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवतात. हवाबंद डब्यात ठेवायचा असल्यास सिलिका जेल घालून ते मधूनमधून तापवून पुन्हा कोरडे करावे लागते. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा तरी घडी मोडून वारा देतात.

आरोग्य : बीजाणूंमुळे दमा व ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होऊ शकतो.

पोल व खुंट्या : पुसून, कोरडे करून वेगळ्या पिशवीत ठेवतात, पोलमधील लवचिक दोरीही ओलावा धरते.